गोठणगावचे तिबेटी आणि युनोचे दार

विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले आणि समितीने आमच्या वाट्याला विषय दिला - ‘जागतिक शांतता आणि आंतरराष्ट्रीय संघटनांचे कार्य’. खरं सांगायचं तर आम्ही बिचकलोच. कुठे ते न्यूयॉर्क आणि कुठे आपला गोंदिया जिल्हा! युनोची ती उंच इमारत आम्ही फक्त वर्तमानपत्रातल्या फोटोत पाहिलेली. शाळेत २४ ऑक्टोबरला संयुक्त राष्ट्र दिन म्हणून फळ्यावर सुविचार लिहिला जायचा, तेवढाच आमचा युनोशी संबंध. समितीतल्या एका ज्येष्ठ उपासकांनी मात्र आमची अडचण एका वाक्यात सोडवली. म्हणाले, “गुरुजी, न्यूयॉर्कले कायले जाता? गोठणगावले जाऊन या ना!”

म्हणून आम्ही गोठणगावला गेलो. हा लेख त्या फेरीतून निघालेला आहे.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांधचे जंगल, इटियाडोहचे धरण आणि प्रतापगडची टेकडी यांच्या परिसरात ‘नोर्ग्येलिंग’ नावाची तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. आजूबाजूचे लोक नुसते ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतात. १९७२ साली ती वसली. बर्फाच्या पठारावरची ही माणसे आपल्या झाडीपट्टीच्या उन्हात बांधीत धान लावायला शिकली, आणि हिवाळा आला की स्वेटर-शाली विकायला शहरोशहरी जाऊ लागली. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या अंगातला स्वेटर त्यांच्याकडून घेतलेला असेल. घेताना आपण दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस केली असेल. पण बाबा, तुम्ही इथे कसे आलात, असे आपण त्यांना कधी विचारले का? आम्हीही विचारले नव्हते.

वसाहतीत एका वृद्ध गृहस्थांनी आम्हाला घरात बसवून चहा पाजला. भिंतीवर परमपूज्य दलाई लामांचा फोटो, शेजारी भगवान बुद्धांची मूर्ती. आम्ही युनोचा विषय काढला तेव्हा ते हसले. हिंदी-मराठी मिसळून त्यांनी जे सांगितले त्याचा अर्थ असा की, आमच्या वडिलांच्या वेळेस आमच्या सरकारनं तिथं तार पाठवली होती, तिचं उत्तर अजून यायचं आहे.

ती तार खरी आहे. आणि तिच्यात आपल्या देशाचाही भाग आहे, बाबासाहेबांचाही आहे, आणि थोडासा आपल्या जुन्या भंडारा जिल्ह्याचाही आहे.

झाले असे. ७ ऑक्टोबर १९५० रोजी चिनी सैन्य पूर्व तिबेटात शिरले आणि थोड्याच दिवसांत चामदो पडले. ७ नोव्हेंबरला तिबेटी सरकारने कालिंपाँगहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागितली. पण दाद मागायची म्हणजे कुणीतरी सदस्य राष्ट्राने ती उचलून धरावी लागते, आणि तिबेट सदस्य नव्हता. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोला युनोची सनद तयार झाली तेव्हा भारत अजून इंग्रजांच्या ताब्यात होता, तरी सर रामस्वामी मुदलियार यांनी भारताच्या वतीने सनदेवर सही केली आणि ५१ संस्थापक सदस्यांत आपले नाव लागले. म्हणजे गुलाम भारताला खुर्ची होती आणि स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या तिबेटला ती नव्हती. खुर्ची कुणाला मिळते हे न्यायाने ठरते असे नाही, त्या वेळी कोण कुणाच्या पाठीशी उभे आहे यावर ठरते.

मग तिबेटची बाजू उचलली कुणी? अमेरिकेने नाही, इंग्लंडने नाही, भारतानेही नाही. उचलली एल साल्वादोर नावाच्या मध्य अमेरिकेतल्या चिमुकल्या देशाने, जो आपल्या विदर्भाच्या पाव भागापेक्षाही लहान आहे. २४ नोव्हेंबर १९५० रोजी आमसभेच्या कार्यसमितीत प्रश्न आला. इंग्लंडच्या प्रतिनिधीने सांगितले की तिबेटचा कायदेशीर दर्जा स्पष्ट नाही, सबब विषय पुढे ढकलावा. भारताचे प्रतिनिधी नवानगरचे जामसाहेब होते. त्यांनी आशा व्यक्त केली की हा प्रश्न शांततेच्या मार्गाने सुटेल, आणि विषय पुढे ढकलण्याला पाठिंबा दिला. विषय ढकलला गेला. शेजारी आणि जुना राज्यकर्ता दोघेही असे म्हणतात म्हटल्यावर बाकीच्यांनी कशाला बोलायचे?

भारताने असे का केले हे समजून घेतले पाहिजे, कारण नुसती दूषणे देणे सोपे असते. त्या वर्षी कोरियात युद्ध पेटले होते. २५ जून १९५० ला उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला, सुरक्षा परिषदेत रशियाचा प्रतिनिधी बहिष्कारामुळे गैरहजर असल्याने नकाराधिकार वापरला गेला नाही, आणि युनोच्या झेंड्याखाली सैन्य उतरले. भारताने लढाऊ फौज पाठवली नाही, जखमींच्या शुश्रूषेसाठी ६० वे पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठवले. चीनशी बोलू शकणाऱ्या मोजक्या देशांत भारत होता. पेकिंगमध्ये आपले वकील सरदार पणिक्कर होते आणि पंडितजींना तिथून तिसरे महायुद्ध टाळायचे होते. त्या प्रयत्नाला यशही आले. युद्धबंदीनंतर कैद्यांचा प्रश्न सोडवण्यासाठी जो तटस्थ राष्ट्रांचा आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्षपद १९५३ मध्ये भारताच्या जनरल थिमय्यांना मिळाले. हे कार्य मोठेच होते. मात्र कोरियाच्या शांततेची किंमत तिबेटच्या गप्प बसण्यातून वसूल झाली, हेही तितकेच खरे आहे. किंमत कुणी द्यायची हे ज्याने ती दिली त्याला विचारले गेले नाही. २३ मे १९५१ ला पेकिंगमध्ये सतरा कलमी करारावर तिबेटी प्रतिनिधींच्या सह्या घेतल्या गेल्या.

आता बाबासाहेबांकडे वळू. बाबासाहेब म्हटले की आपल्याला महाड, नाशिक, पुणे करार, घटना आणि दीक्षाभूमी आठवते. परराष्ट्र धोरणावरचे बाबासाहेब आपल्या सभांमध्ये फारसे येत नाहीत. परंतु ‘आमचे गाऱ्हाणे जगाच्या दारात न्यावे का आणि गेले तर ते दार उघडेल का’, हा प्रश्न त्यांना तिबेटच्याही आधी पडला होता, तो आपल्याच लोकांच्या संदर्भात. १९४२ च्या डिसेंबरमध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात पॅसिफिक रिलेशन्स इन्स्टिट्यूट या संस्थेची परिषद भरली. युद्धानंतरच्या जगाची घडी कशी असावी याचा तिथे विचार व्हायचा होता. त्या परिषदेसाठी बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या प्रश्नावर निबंध लिहिला. उद्या शांतता परिषद भरेल तेव्हा हा प्रश्न तिच्यापुढे असला पाहिजे, ही त्यामागची तळमळ.

पुढे १९४६ च्या जुलैमध्ये त्यांनी अमेरिकेतील निग्रो समाजाचे थोर विचारवंत डॉ. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले. (निग्रो हा त्या काळचा शब्द, आज आपण कृष्णवर्णीय म्हणतो.) अमेरिकेतील निग्रो संघटनेने युनोकडे अर्ज केला आहे असे त्यांनी वाचले होते. त्यांनी त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागवल्या आणि कळवले की भारतातले अस्पृश्यही असेच काही करण्याच्या विचारात आहेत. ३१ जुलैला डू बॉइस यांचे उत्तर आले. बाबासाहेबांचे नाव आपल्याला ठाऊक आहे, अस्पृश्यांबद्दल सहानुभूती आहे आणि मदत करायला आनंद वाटेल, असा त्याचा आशय होता. समुद्राच्या दोन बाजूंना दोन विद्वान बसलेत, दोघेही आपापल्या समाजासाठी एकाच दाराची कडी वाजवू पाहताहेत! आम्हाला हा प्रसंग फार हलवून गेला.

त्या दाराचे पुढे काय झाले? डू बॉइस यांच्या संघटनेने १९४७ मध्ये दिलेले सविस्तर निवेदन युनोच्या मानवी हक्क आयोगाने चर्चेला घेतलेच नाही. खुद्द अमेरिकेलाच ते नको होते. युनोच्या सनदेतल्या दुसऱ्या कलमाच्या सातव्या पोटकलमात म्हटले आहे की देशाच्या अंतर्गत कारभारात संघ ढवळाढवळ करणार नाही. सगळी गोम इथे आहे. गावात पाटलाच्या वाड्यात काय चालते ते पाटलाने ठरवायचे, पंचायतीने फक्त दोन वाड्यांतल्या भांडणापुरते बोलायचे, असाच हा न्याय झाला. आणि गंमत पाहा. त्याच १९४६ साली भारताने दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांवरच्या अन्यायाची तक्रार युनोत नेली. आफ्रिकेने अंतर्गत कारभाराची ढाल पुढे केली. श्रीमती विजयालक्ष्मी पंडितांनी ती मोडून काढली आणि ८ डिसेंबरला भारताच्या बाजूने ठराव मंजूर झाला. पुढे ५५ वर्षांनी, २००१ मध्ये, त्याच दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरात वंशभेदविरोधी जागतिक परिषद भरली. जातिभेदाचा प्रश्न तिथे घ्यावा असा आपल्या कार्यकर्त्यांचा आग्रह होता, तर हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे म्हणून भारत सरकार आडवे आले. वस्तुतः १९६५ च्या वंशभेदविरोधी करारात ‘जन्मकूळ’ या अर्थाचा शब्द घालावा ही सूचना भारताचीच होती. २००२ मध्ये त्या कराराच्या समितीने स्पष्ट केले की या शब्दात जातिव्यवस्था येते. सरकार मात्र मान्य करीत नाही. ढाल तीच, हात बदलला.

असो. थोडे विषयांतर झाले, पण तिबेट समजायला हे लागते. ज्याला आपले गाऱ्हाणे मांडायला खुर्ची नसते, त्याचे दुःख ज्याने भोगले आहे त्यालाच लवकर कळते.

१९५१ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निवडणूक जाहीरनामा निघाला. त्यात परराष्ट्र धोरणावर जे म्हटले आहे ते आजही वाचून बघावे. कम्युनिस्ट चीनला युनोत कायमची जागा मिळावी म्हणून भारताने झगडण्यापेक्षा स्वतःला ती जागा मिळावी म्हणून झगडावे, भारताचे पहिले कर्तव्य स्वतःशी आहे, असा त्याचा आशय. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला मंत्रिमंडळातून बाहेर पडताना केलेल्या निवेदनात त्यांनी हिशेब मांडला होता - वर्षाच्या ३५० कोटी महसुलातले १८० कोटी सैन्यावर जातात, कारण आपल्याला मित्र उरले नाहीत. काश्मीरचा वाद १ जानेवारी १९४८ ला आपणच युनोत नेला होता आणि तो तिथे अडकून पडला होता. फाळणी करून हा प्रश्न मिटवावा आणि लडाखचा बौद्ध भाग व हिंदूंचा भाग भारताकडे घ्यावा, असे बाबासाहेबांचे मत होते. ते पटो न पटो, पण युनोवर विसंबून प्रश्न लोंबकळत ठेवू नये हा त्यातला रोख आहे.

आता आपल्या मुलखातली गोष्ट.

२९ एप्रिल १९५४ रोजी पेकिंगमध्ये भारत आणि चीन यांच्यात एक करार झाला. नाव होते तिबेटशी व्यापार आणि दळणवळणाचे, पण त्या नावातच तिबेटला ‘चीनचा तिबेट प्रदेश’ म्हटले होते. इंग्रजांच्या वेळेपासून यातुंग आणि ग्यांत्से येथे असलेल्या आपल्या लष्करी तुकड्या काढून घ्यायच्या, टपाल-तार आणि विश्रामगृहे चीनला द्यायची, असे ठरले. आणि कराराच्या प्रस्तावनेत पाच तत्त्वे घातली - एकमेकांच्या प्रदेशाचा आणि सार्वभौमत्वाचा आदर, अनाक्रमण, अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करणे, समानता व परस्परहित, आणि शांततापूर्ण सहजीवन. यालाच पुढे ‘पंचशील’ म्हणण्यात आले.

त्याच वेळी आपल्याकडे काय चालले होते? भंडारा लोकसभा मतदारसंघाची पोटनिवडणूक! तेव्हा गोंदियाकडचा हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता आणि भंडारा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात. (आपला गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला.) बाबासाहेब राखीव जागेसाठी उभे होते. वैशाखाच्या उन्हात, तब्येत बरी नसताना ते या भागात फिरले. प्रचारात त्यांनी नेहरू सरकारच्या परराष्ट्र धोरणावरही टीका केली. धान पिकवणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या, बिडी वळणाऱ्या लोकांपुढे परराष्ट्र धोरण! आज कुणी उमेदवार असे करील काय? मे १९५४ मध्ये मतदान झाले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, आणि राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी बाबासाहेबांचा आठ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. आपल्या भागातल्या जुन्या पिढीच्या मनातली ही सल आहे, आणि ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

पराभवाने ते गप्प बसले नाहीत. राज्यसभेचे सदस्य होतेच. २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत आंतरराष्ट्रीय परिस्थितीवर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेब उभे राहिले. त्यांचा पहिला सवाल असा की शांतता हवी हे सगळेच म्हणतात, पण ती कोणत्या किमतीला? देशांचे तुकडे करून, कुणाला तरी कुणाच्या तरी ताब्यात देऊन शांतता विकत घेतली जात आहे, तर ती कसली शांतता? मग ते पंचशीलावर आले. पंचशील हा बुद्ध धम्माचा गाभा आहे. माओची त्यावर खरोखर श्रद्धा असती तर त्याने आपल्या देशातल्या बौद्धांशी वेगळे वर्तन केले असते, असे त्यांनी सुनावले. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ देऊन पंतप्रधानांनी चीनची सरहद्द भारताच्या सरहद्दीला आणून भिडवली, हा त्यांचा इशारा होता.

आम्ही विहारात पौर्णिमेला पंचशील ग्रहण करतो तेव्हा प्रत्येक जण स्वतःच्या वागण्याची जबाबदारी स्वतः घेतो. ‘समोरचा पाळील तर मी पाळीन’ अशी अट त्यात नसते. राष्ट्रांच्या पंचशीलात मात्र ‘एकमेकांच्या’ हा शब्द पहिल्याच तत्त्वात आहे. एकाने मोडले तर दुसऱ्याने काय करायचे, आणि मोडले की नाही हे कोण ठरवणार, याची व्यवस्थाच त्यात नव्हती. शब्द घेतला, शील राहिले. आठ वर्षांची मुदत असलेला तो करार १९६२ मध्ये संपला, आणि त्याच वर्षी २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. योगायोग म्हणा, त्याच दिवसांत क्युबाच्या क्षेपणास्त्रांवरून अमेरिका-रशिया समोरासमोर उभे ठाकले होते, आणि युनोच्या सरचिटणीसपदाचे काम ब्रह्मदेशातले एक बौद्ध शिक्षक, ऊ थांट, पाहत होते. तिकडे त्यांच्या मध्यस्थीचा उपयोग झाला. इकडे आपण युनोत गेलोच नाही. चीन सदस्यच नव्हता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद करावीशी वाटते. त्याच भाषणात बाबासाहेबांनी तेव्हा आकार घेत असलेल्या ‘सिएटो’ या लष्करी संघटनेच्या बाजूने मत दिले होते. पुढचा इतिहास पाहता सिएटोने तिबेटसाठी काहीच केले नाही, व्हिएतनामच्या युद्धात मात्र तिचा आधार घेतला गेला, आणि १९७७ मध्ये ती गुंडाळली गेली. हे त्यांचे अनुमान खरे ठरले नाही असेच आम्हाला वाटते. आपल्यातल्या काहींना हे लिहिलेले रुचणार नाही. पण बुद्धांनी आणि बाबासाहेबांनीही तपासून घ्या असेच सांगितले आहे ना?

तिबेटची तार मात्र फाईलीतून पुन्हा वर आली. मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला, १७ मार्चच्या रात्री दलाई लामा निघाले आणि ३१ मार्चला भारतात पोहोचले. त्यांच्यामागून सुमारे ८० हजार माणसे हिमालय ओलांडून आली. भारत सरकारने त्यांना आसरा दिला, आचार्य कृपलानींच्या अध्यक्षतेखाली मदत समिती झाली. हे पंडितजींच्या खात्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले पाहिजे. युनोत या वेळी आयर्लंड आणि मलाया यांनी विषय मांडला. २१ ऑक्टोबर १९५९ ला तिबेटी जनतेच्या मूलभूत हक्कांचा आदर व्हावा असा ठराव आमसभेत ४५ विरुद्ध ९ मतांनी मंजूर झाला. भारत तटस्थ राहिला. २० डिसेंबर १९६१ ला दुसरा ठराव झाला, त्यात आत्मनिर्णयाच्या हक्काचाही उल्लेख आला. भारत पुन्हा तटस्थ. १८ डिसेंबर १९६५ ला तिसरा ठराव झाला, तेव्हा कुठे भारताने बाजूने मत दिले, आणि भारताच्या वतीने बोलणारे होते आपल्या महाराष्ट्राचे डॉ. रफिक झकेरिया. पंधरा वर्षांपूर्वी जामसाहेबांनी जी आशा व्यक्त केली होती ती फोल ठरली, हे एका परीने भारतानेच कबूल केले.

तीन ठराव झाले. तिबेटात काय बदलले? काहीच नाही. आमसभेचा ठराव म्हणजे गावाने नुसते मत दिल्यासारखे आहे. अंमलबजावणी सुरक्षा परिषदेच्या हाती, आणि तिथे पाच कायम सदस्यांना नकाराधिकार. २५ ऑक्टोबर १९७१ ला चीनची खुर्ची तैवानकडून पेकिंगकडे गेली, म्हणजे नकाराधिकारही गेला. भारताने त्या ठरावाच्या बाजूने मत दिले. जाहीरनाम्यातली १९५१ ची ती ओळ इथे आठवावी. त्यानंतर आमसभेत तिबेटवर चौथा ठराव झालेला नाही. आणि दुसऱ्याच वर्षी, १९७२ ला, आपल्या जिल्ह्यातल्या जंगलाच्या कडेला नोर्ग्येलिंग वसले. ज्या मुलखाने बाबासाहेबांना लोकसभेत पाठवले नाही, त्याच मुलखात, ज्यांच्याविषयी ते पराभवानंतर तीन महिन्यांनी बोलले ती माणसे अठरा वर्षांनी राहायला आली.

मग युनो निरुपयोगी म्हणायची का? तसे म्हणणे आम्हाला जमत नाही. भारताने निर्वासितांच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, तरी युनोचे निर्वासित उच्चायुक्तालय १९६९ मध्ये भारतात आले ते तिबेट्यांच्या पुनर्वसनाला मदत करायला, आणि १९७५ पर्यंत ते काम त्याने केले. सत्ता नसलेल्या या शाखेने जे केले ते सत्ता असलेल्या सुरक्षा परिषदेने केले नाही.

आणि आपली मुलेही त्या निळ्या टोपीखाली उभी राहिली आहेत. पहिल्या महायुद्धात उभारलेली १११ महार पलटण इंग्रजांनी १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर आले, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पुढच्या वर्षी आपल्या कामठीला. याच रेजिमेंटची ५ वी पलटण १९९३-९४ मध्ये भारताच्या ६६ व्या ब्रिगेडबरोबर सोमालियात होती. टोळ्यांच्या लढाईत आणि दुष्काळात पिचलेला तो देश. आपल्या जवानांनी तिथे रस्ते राखले, धान्य पोहोचवले, विहिरी खोदल्या, आजाऱ्यांना औषधे दिली. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बैदोआ भागात दबा धरून झालेल्या हल्ल्यात सात भारतीय जवान आणि त्याच महिन्याच्या शेवटी तीन लष्करी डॉक्टर मारले गेले. एके काळी गावच्या विहिरीवर ज्यांच्या आजोबांना चढू दिले नव्हते, त्यांच्या पलटणीचा भारतीय ब्रिगेड परक्या मुलखात लोकांना विहिरी खोदून देते, हे बाबासाहेबांनी पाहायला हवे होते.

त्याच १९९४ सालची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रवांडात कत्तल सुरू असताना सुरक्षा परिषदेने २१ एप्रिलला तिथली युनोची फौज २७० पर्यंत कमी करायचे ठरवले. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. तिथे नकाराधिकारही वापरावा लागला नाही, कुणाला इच्छाच नव्हती. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चाल केली तेव्हा निषेधाचा ठराव रशियानेच नकाराधिकाराने पाडला. आरोपीच पंचाच्या खुर्चीत!

आणखी एक अवघड गोष्ट. आपण बौद्ध आहोत म्हणून ती टाळता येणार नाही. २०१७ मध्ये ब्रह्मदेशातून, म्हणजे म्यानमारमधून, सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान बांगलादेशात पळून आले. जो देश बुद्धाचे नाव घेतो, ऊ थांटांचा जो देश, तिथल्या लष्कराने हे केले. तिबेटमध्ये बौद्ध सोसणारे होते म्हणून आपल्याला कळवळा येतो, तर इथेही तो आला पाहिजे. या वेळी दार कुणी वाजवले? आफ्रिकेतल्या गांबिया या चिमुकल्या देशाने. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात म्यानमारवर दावा लावला, आणि २३ जानेवारी २०२० ला न्यायालयाने रोहिंग्यांच्या रक्षणाचे अंतरिम आदेश दिले. १९५० चा एल साल्वादोर आणि २०१९ चा गांबिया. गेल्या सत्तर वर्षांचा आम्हाला दिसलेला इतिहास असा की मोठ्यांनी खुर्च्या अडवल्या आणि दाराची कडी वाजवली ती लहानांनी.

गोठणगावहून निघताना त्या वृद्ध गृहस्थांनी कपाटातून एक वही काढून दाखवली. परदेशी नागरिक म्हणून नोंदणीचे प्रमाणपत्र, ठरलेल्या मुदतीने नवे करून घ्यावे लागणारे. त्यावर शिक्क्यांवर शिक्के. आयुष्याची पन्नास वर्षे या जिल्ह्यात गेली, धान पिकवले, मुले-नातवंडे इथे झाली, तरी कागदावर ते पाहुणेच. पुढच्या बुद्ध पौर्णिमेला आपल्या विहारात या म्हणून आम्ही त्यांना आमंत्रण दिले. ते म्हणाले, “येतो ना गुरुजी. फक्त त्या दिवशी स्वेटरचं दुकान नसतं, उन्हाळा असतो, म्हणून वेळ आहे.” मग त्यांनीच बसस्टॉपपर्यंत सोबत केली, आणि अर्जुनीची गाडी येईपर्यंत यंदाच्या धानाच्या भावाबद्दल बोलत राहिले.